मोटारीतली चौथी सवारी

मु. समुद्रपूर,
माघ वद्य नवमी, शके १८७६

रा. रा. प्रभाकरराव व्याही यांचे सेवेशी,

वासुदेवाचा कोपरापासून नमस्कार. (उजवा हात गळ्यात बांधलेला आहे, म्हणून अर्धा नमस्कार कागदावर आणि अर्धा मनात, आपण पूर्ण धरावा. अक्षरही डाव्या हाताचं आहे.) इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पत्र शेवटपर्यंत वाचून खुशाल म्हणावं की नाही, ते आपलं आपण ठरवावं. विहीणबाईंच्या गुडघ्याची कळ उतरली का? जवसाचं तेल कोमट करून चोळा म्हणून मागेच सांगितलं होतं, पण समुद्रपूरचं सांगणं पुलगावात कोण ऐकतो! आपला खोकला, जावईबापूंची दगदग, सगळं थोडक्यात कळवलंत तरी चालेल. मात्र चि. सुलोचना दोन वेळा नीट जेवते का, पायांवर सूज नाही ना, एवढं सविस्तर कळवावं. आणि हे पत्र तिला वाचून दाखवू नये. ही विनंती नव्हे, बापाचं सांगणं आहे.

आपलं कार्ड पोचलं. "वाट पाहिली. पुरण वाया गेलं. कळावे." वा! तीन वाक्यांत आमचं नाक कापून आपण ते टपालात टाकलंत. कार्ड उघडं असतं, व्याहीबुवा! आमच्या पोस्टमनने ते आधी पारावर वाचलं, मग मला दिलं, आणि देताना वर विचारलं की पुरण गुळाचं होतं की साखरेचं. पण मी रागवत नाही. पंचमीला मोटार घेऊन सुलीला न्यायला येतो असा शब्द मी दिला होता, आणि मी आलो नाही. शब्द मोडणारा माणूस मी नाही, हे चार गावांत कोणालाही विचारा. का आलो नाही ते आता सांगतो. खोटं वाटलं तर मोटार हाकणाऱ्या पुनाजीला विचारा. तो खोटं बोलत नाही, कारण तो फार बोलतच नाही.

मोटारीची अट आपली होती. मला तेव्हा संताप आला होता, आता लिहायला हरकत नाही. बैलांवर ज्याचा हात, त्या वासुदेवाला कोणी सांगावं की पोर न्यायची तर मोटार आणा, नाहीतर बाळंतपण इथेच करतो! पोरीचं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही रीत मी काय मोडणार होतो? पण संताप रात्रभर टिकला नाही, कारण आपलं बरोबर होतं. दोन सालांमागे मी तिला हिंगणघाट टेसनावरून माझ्या दमणीतून आणली. बैल माझे, रस्ता माझा आणि घाईही माझीच. वणा नदी ओलांडल्यावर निंबाच्या झाडाखाली जे झालं ते आपण जाणता. सातव्या महिन्याचं मूल, मुलगा होता. एक घटकाभर होता. घर दीड कोसावर होतं. मी तोंडाचा फाटका माणूस आहे, तरी हे चारचौघांत कधी बोललो नाही: त्या दिवसापासून मला चाकाचा खडखडाट सोसत नाही. दमणी मी महिन्याच्या आत काढून टाकली. तेव्हा आपण मोटार म्हणालात आणि मी वर्ध्याला गेलो. सुलीचा सातवा अमावास्येला संपतो, आठव्यात आपल्याकडे पोर हलवत नाहीत, म्हणून हाताशी दिवस थोडे होते. घाई, व्याहीबुवा. पुन्हा घाईच.

वर्ध्यात टेसनाकडून येताना एक टिनाचं छप्पर लागतं. तिथे बंडूजी नावाचा इसम मोटारी विकतो. पाटीवर लिहिलं आहे: 'मोटारी विकत मिळतील. मोटारी विकत घेऊ. विकलेली मोटार परत घेणार नाही.' शेवटची ओळ पहिल्या दोन ओळींच्या दुप्पट जाड आहे. शहाण्याने तिथूनच पाय मागे घेतला असता. मी आत गेलो. छपराखाली तीन मोटारी होत्या. एकीला चाकं नव्हती, दुसरीत कोंबडी अंड्यांवर बसली होती (बंडूजी म्हणाला, हिला एकवीस दिवस थांबावं लागेल), आणि तिसरी काळी, लांबट, विलायती, लढाईच्या आधीची. अंगावर धूळ नव्हती. बाकी दोघींवर बोटभर धूळ आणि हिच्यावर कणही नाही. मी म्हटलं, रोज पुसता वाटतं? बंडूजी म्हणाला, "मी हात नाई लावत तिले."

मोटार हे जनावर मी पहिल्यांदाच घेत होतो. पण बैल पारखायला लोक मला आर्वीपर्यंत नेतात, आणि जनावर ते जनावर. मी पुढून पाहिलं, दोन्ही डोळे सारखे. मागून पाहिलं, बांधा रुंद. चारही पायांवर काठीने ठोकून पाहिलं, लंगडं वाटलं नाही. पुढचं झाकण उचलून तोंडात पाहिलं. दातांसारखं काही होतं ते मोजलं, सहा भरले, म्हणजे वयात आलेली. पाठीवर भोवरा कुठे आहे ते शोधलं, तर नव्हता, म्हणजे मालकाला खाणारी नाही. मग मी तिच्या डाव्या अंगावर थोपटलं, तर ती शहारली. थट्टा नाही करत. गोमाशी बसल्यावर बैलाची कातडी हलते, तसा बंद मोटारीचा पत्रा हलला. बंडूजीने ते पाहिलं आणि नजर चुकवून पान लावायला घेतलं. मला वाटलं, जातिवंत आहे, अंगाला हात लागू देत नाही. मी मनात म्हटलं, हीच घ्यायची. अक्कल विकत घेण्याचा बाजार तिथेच होता म्हणा!

सौदा आमच्या रीतीने केला, म्हणजे दुपट्ट्याखाली हात धरून बोटांनी. (बैलबाजारात तसाच होतो, तोंडाने भाव बोलला की दहा दलाल गोळा होतात.) बंडूजी हसला, पण त्याने हात दिला. मी त्याची दोन बोटं दाबली, त्याने माझी तीन दाबली, असं चाललं होतं. मध्येच माझी करंगळी कोणीतरी धरली. गार हात, लहान. करंगळी धरून हलकेच आपल्याकडे ओढली, आणि काचेची बांगडी मनगटाला घासून गेली. मला वाटलं, बंडूजीची अंगठी असेल. दुपट्टा काढला तर बंडूजीच्या हातात ना अंगठी, ना कडं. उलट तोच घाम पुसत म्हणाला, "झालं मालक. गाडीनं पसंत केलं तुमाले." लग्नाच्या बैठकीतही असं कोणी बोलत नाही. पण मी बाजारात कधी मागे हटलो नाही, आणि त्या करंगळीसाठी हटावं तर लोक काय म्हणतील?

दोन गोष्टी मात्र त्याने स्पष्ट सांगितल्या, आणि त्याला शिव्या देण्याआधी एवढं कबूल करायला पाहिजे. एक, मागचं डावं दार जाम आहे, ते उघडायच्या भानगडीत पडायचं नाही. दोन, तीन सवाऱ्या न्यायच्या. "चवथं कोणाले 'चाल' म्हणून बोलावू नोका, मालक." मी समजलो, खालचे स्प्रिंगचे पाटे कमजोर असतील, वजन पेलत नसेल. बैल विकणाराही सांगतो की जरा बसका आहे, जास्त ओझं टाकू नका. बैलाचं दावं मागतात तसं मी मोटारीचं दावं मागितलं, तर त्याने एक लोखंडी वाकडा दांडा हातात दिला, पुढून तोंडात घालून फिरवायचा. मी फिरवला. मोटारीने तो उलटा फिरवला. हात गळ्यात आला तो असा.

मोटार हाकायला पुनाजी बरोबर होता. आमच्या शेताच्या धुऱ्याला त्याचं शेत आहे. लढाईच्या दिवसांत हा आपल्याच पुलगावच्या डेपोत लष्करी ट्रक चालवत होता, म्हणून मी त्याला हाताशी धरला. त्याच्या घरी गोंडी बोलतात, आणि मोटारीशीही तो त्याच बोलीत बोलतो. काय म्हणालास विचारलं तर सांगतो, इंजिनाची गोष्ट आहे. हिंगणघाटच्या अलीकडे त्याने समोरचा छोटा आरसा हाताने फिरवून छताकडे केला. काऊन रे, म्हटलं, तर म्हणाला, ऊन लागते डोयाले. ऊन पाठीमागे नव्हतं, आकाशात ढग होते. पण मी त्या वेळी वेगळ्याच नशेत होतो. रस्त्याने कापूस वेचून परतणाऱ्या बाया मोटार पाहून बाजूला होत होत्या, डोक्यावर पदर घेत होत्या, वाकत होत्या. मालगुजारी गेली, पण मान आहे अजून, असं वाटून मी मिशीला हात लावला. तीन गावं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी पुढे बसलो होतो, आणि बाया मागे पाहून वाकत होत्या.

घरी सौभाग्यवतीने (म्हणजे आपल्या विहीणबाई प्रमिलाबाईंनी) मोटारीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि बसून पाहावं म्हणून आत शिरून मागच्या गादीवर डावीकडे सरकल्या. सरकल्या तशाच उठल्या. म्हणाल्या, कोमट आहे, आताच कोणी उठून गेल्यावाणी. मी म्हटलं, उन्हाने तापली असेल. मोटार तर गोठ्यात सावलीला उभी होती. पण नवरा झाल्यावर उत्तर द्यावंच लागतं. गादीला त्या जागी खळगा होता. हाताने थापटून सारखा केला, पाठ वळवली, परत पाहिलं, खळगा तिथेच. पाटे कमजोर, असं मी पुन्हा म्हटलं. त्या दिवसांत मी पाटे हा शब्द फार वापरला.

पंचमीला सकाळी आम्ही निघालो. सुलीसाठी मऊ गादी घेतली, लोणचं, मेतकूट, पाण्याची सुरई घेतली. मी, प्रमिलाबाई आणि पुनाजी. उंबऱ्यातच त्या थबकल्या. तिघं शुभकामाला निघत नाहीत, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. तिघं निघायची वेळ आली तर सुपारी नाहीतर खडा चौथा म्हणून बरोबर घ्यायचा. त्यात काय! मी देवापुढची सुपारी आणली. प्रमिलाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, मागच्या गादीवर डावीकडे त्या खळग्यात ठेवली, आणि रीतीप्रमाणे हात जोडून म्हणाल्या, "चाल व बाई, आमची तू चवथी. पोरीले माहेरी आणाले जाऊ." मी तिथे उभा होतो. बंडूजीचं बोलणं कानात होतं. पण मला वाटलं, सुपारीचं असं कितीसं वजन असणार? तेवढ्यात मोटारीचं मागचं डावं अंग चार बोटं खाली बसलं. पुनाजीने ते पाहिलं आणि तो त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाला. त्या वेळी ती इंजिनाची गोष्ट नव्हती.

हिंगणघाट सुटल्यावर बांगड्या वाजायला लागल्या. खड्डा आला की किणकिण. प्रमिलाबाईंनी हात पदरात गुंडाळून घेतले, तरी किणकिण. पहिल्या गावाच्या विहिरीवर एक बाई तांब्या घेऊन धावत मोटारीपाशी आली आणि डाव्या खिडकीतून पाणी आत धरून उभी राहिली. तांब्या रिकामा करून परत घेतला. गादी कोरडी होती. दुसऱ्या गावात एकीने गुळाचा खडा दिला. तिसऱ्या गावात एका म्हातारीने खिडकीत वाकून विचारलं, "कितवा महिना व माय?" आता मागे बसल्या होत्या एकट्या प्रमिलाबाई. त्यांचं वय बावन्न. त्या इतक्या लाल झाल्या की मला हसू आवरेना. मी त्या म्हातारीला सांगणार होतो की आता कसला महिना, पण म्हातारी त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती रिकाम्या जागेकडे पाहत होती, ऐकल्यासारखी मान हलवत होती, आणि म्हणाली, "मंग जपून जाजो." माझं हसू तिथेच वाळलं. पुढच्या गावात एका बाईने नारळ आणि खण आणून त्या सुपारीवर ओटी भरली. (नारळ मी वर्ध्याला फोडून खाल्ला, भूक लागली होती. हे आता लिहिताना लाज वाटते. गोड होता.)

वर्धा सोडून देवळीच्या अंगाला लागलो. आता तासाभरात आपलं घर, असं मी म्हणतो तोच एका फाट्यावर मोटार डावीकडे वळली. मी पुनाजीवर खेकसलो. त्याने चाकावरून दोन्ही हात उचलून दाखवले. "म्या नाई वळवली मालक. थेच वळून राह्यली." प्रमिलाबाईंनी रामनाम सुरू केलं. मी मोटारीला हो हो म्हटलं, बैलाला म्हणतो तसं, एकदा तर च्च् च्च् पण केलं. ती ऐकेना. गाडीवाटेने, पऱ्हाटीच्या शेतांमधून, खड्डे चुकवत, हळूहळू चालली. एवढी हळू मी दमणी हाकली असती तर, व्याहीबुवा! एवढी हळू हाकली असती तर.

दहाबारा घरांचं गाव. भर दुपार, सगळे वेचणीला गेलेले, कुत्रंही भुंकलं नाही. शेवटच्या घरापुढे मोटार आपोआप थांबली. सारवलेल्या अंगणात एक म्हातारी उभी होती, एका हातात पाण्याचा गडवा आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. आम्ही येणार हे कोणी सांगितलं असेल? आम्हालाच माहीत नव्हतं. ती आमच्याकडे न बघता मागच्या डाव्या दारापाशी आली आणि तिने हाक मारली, "बायजा! आली का व माय? उतर." आणि ते दार उघडलं. जे दार जाम होतं, जे पुनाजीने पहार लावूनही हललं नव्हतं, ते आतून उघडलं. म्हातारीने तुकडा ओवाळून टाकला, पाणी ओवाळून टाकलं, मग एक हात कंबरेच्या उंचीवर धरून, दिवस भरलेल्या पोरीला सांभाळून नेतात तशी, एकेक पाऊल टाकत ती घराकडे चालू लागली. उंबऱ्याशी थांबली, "पाय उचल" म्हणाली, आणि आत गेली. मोटारीचं डावं अंग चार बोटं वर आलं. सुपारी गादीवरून घरंगळून खाली पडली. खळगा भरून आला होता. पुनाजी खाली उतरून उभा राहिला आणि त्याने डोक्याचं फडकं काढलं. प्रमिलाबाई रडत होत्या. मीही.

म्हातारीचं नाव देवकाबाई. बऱ्याच वेळाने बाहेर आली आणि आम्हाला पाणी दिलं. तिची बायजा अकरा सालांमागे पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला निघाली. सासरच्यांनी कौतुकाने मोटार केली होती, हीच. वाटेत पोट दुखलं आणि मोटारीतच गेली, मूलही गेलं. सासरचे तिथूनच माघारी फिरले. प्रेत माहेरच्या दारात कशाला न्यायचं, म्हणाले. मोटार विकली. पुढे ज्याने ज्याने ती घेतली त्याने महिन्याभरात पैशावर पाणी सोडून बंडूजीच्या छपराखाली आणून टाकली. कोणी तिला 'चाल' म्हणालंच नाही ना! मी विचारलं, पण आज आम्ही येऊ हे तुम्हाला कसं कळलं? म्हातारी म्हणाली, मले काय माहीत बाबू, मी रोजच उभी राहतो. अकरा सालं, रोज दुपारी, गडवा आणि तुकडा घेऊन.

तिथून आपल्याकडे येता आलं असतं. पण प्रमिलाबाई म्हणाल्या, जिथे ती गेली त्या जागेवर माझी सुली आज बसणार नाही. आम्ही मागे फिरलो. मोटार निमूटपणे जाईल तिकडे जात होती, म्हणजे पुनाजी नेईल तिकडे. वणेच्या पुढे निंबापाशी जरा थांबलो, इंजिन तापलं होतं म्हणून. मग घरी आलो. एवढंच झालं.

परवा मी त्या बंडूजीचा समाचार घ्यायला वर्ध्याला गेलो. जाताना रस्ताभर शिव्या जुळवत होतो, दोनचार तर नव्याच सुचल्या होत्या. छपरात शिरलो तर तो खाटेवरून उठला आणि माझ्या तोंडाकडे पाहून त्याने हळूच विचारलं, "उतरली?" मी हो म्हटलं. तो खाली बसला. मग म्हणाला, "मालक, पाटीवर काई लिवलं असो, तुमची गाडी मी परत घेतो. आता ते साफ आहे, घेणारे लय मिळतीन." विचार करा, आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस विकलेली मोटार परत घ्यायला तयार झाला, आणि मी नाही म्हणून आलो. शिव्या तशाच राहिल्या. मोटार का दिली नाही, ते विचारू नये.

तर आपल्याला अशी विनंती की पंचमीचा राग धरू नये. अमावास्येला अजून सहा दिवस आहेत. सहा दिवसांच्या आत मी सुलीला न्यायला येतो. पुरण पुन्हा करू नये, साधा झुणका चालेल. विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, सुलीच्या डोक्यावरून माझ्या नावाने हात फिरवावा.

आपला,
वासुदेव

ता. क. हे पत्र सुलीला वाचून दाखवू नये असं वर लिहिलं आहे. ते खोडावं. वाचून दाखवावं, पण तिला जवळ बसवून, आणि विहीणबाई घरात असताना.

ता. क. दुसरा. इंजिन तापलं नव्हतं. निंबापाशी मोटार आपली आपणच थांबली. प्रमिलाबाई उतरल्या, मागचं डावं दार उघडून धरून उभ्या राहिल्या. किती वेळ, सांगता येत नाही. ऊन होतं. मग त्यांनी पदर सावरला, दार अगदी हळू लावलं, आणि घरी येईपर्यंत गादीवर एक हात आडवा धरून बसल्या, कोणी घसरू नये म्हणून धरतात तसा. मी मागे वळून पाहिलं नाही. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं.

ता. क. तिसरा. काल दुपारी गोठ्यातून मोटारीचा भोंगा वाजला. आज दोनदा वाजला. प्रमिलाबाई दार उघडून तिथेच बसून असतात, गूळ-शेंगदाणे घेऊन. मीही जाऊन बसतो. आम्ही बाळ म्हटलं, राजा म्हटलं, सोन्या म्हटलं, ये म्हटलं. ऐकतो. भोंगा थांबतो. पण उतरत नाही. देवकाबाईने हाक मारली तेव्हा तिच्याजवळ नाव होतं. आमच्याजवळ नाही. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे आपल्या घरचा, म्हणून आम्ही मनातसुद्धा कधी ठेवलं नाही, आणि तेव्हा बारसं करायला मूलच नव्हतं. आपल्या घरी काही ठरलं होतं का? किंवा सुलीने कोणाला न सांगता मनाशी काही ठेवलं असेल तर तिला विचारा, ती सांगेल. व्याहीबुवा, पोर आजोळच्या दारात येऊन बसलं आहे. नाव कळवा.